शुरायुकिहिमे : यातला ‘शुरा’ म्हणजे शूर नव्हे

विचारणा

आमच्या चित्रपट मंडळासाठी एका जपानी सिनेमाची मराठी सबटायटल्स करते आहे. ‘शुरायुकिहिमे’, २००१ सालचा, दिग्दर्शक शिन्सुके सातो. काळ भविष्यातला. एकेकाळी राजघराण्याचे रक्षक असलेले लोक आता पैसे घेऊन माणसं मारतात. त्यांच्यातच वाढलेल्या युकीला कळतं की तिच्या आईला म्होरक्यानेच मारलं, आणि तिची तलवार आपल्याच माणसांवर उलटते. शीर्षकासाठी एकाने ‘शूर हिमकन्या’ सुचवलं, पण मला ते पटेना. शिवाय युकीला ‘मारेकरीण’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १

मारेकरीण बिनधास्त लिहा. वारकरी–वारकरीण, माळकरी–माळकरीण, तसंच हे. वर्तमानपत्रं ‘महिला मारेकरी’ लिहितात ते मला फार खटकतं. भाषेत प्रत्यय असताना मागे ‘महिला’ का लावायची?

‘शूर’ मात्र नको. ‘शुरा’ हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला आहे, पण तो ‘असुर’. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला, तिथे तीन अक्षरांत लिहिला गेला, जपानमध्ये ‘आशुरा’ झाला. पुढे पहिलं अक्षर गळून ‘शुरा’ उरला. जपानच्या नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात ७३४ सालची आशुराची मूर्ती आहे. तीन तोंडं, सहा हात, बारीक अंगकाठी, हातात शस्त्र नाही. पुढचे दोन हात छातीशी जोडलेले आणि कपाळावर नुसती एक हलकी आठी. चेहरा कोवळ्या पोराचा वाटतो. आपल्या डोळ्यांसमोरचा मिशाळ, दात विचकणारा असुर आठवा आणि मग हा बघा.

प्रतिसाद २

‘अ’ गळण्याची गंमत इथेच आहे. ऋग्वेदात वरुणाला, इंद्रालासुद्धा असुर म्हटलंय; तेव्हा तो शब्द वाईट नव्हता. नंतर त्यातला ‘अ’ नकाराचा समजून लोकांनी तो काढला आणि ‘सुर’, म्हणजे देव, असा नवा शब्द घडवला. जपानीतही ‘अ’ गेला, पण अर्थ जागचा हलला नाही. शुरा म्हणजे असुरच. त्यामुळे ‘सुरकन्या’ वगैरेच्या वाटेला जाऊ नका, अर्थ थेट उलटा होईल.

जपानीत ‘शुराबा’ असाही शब्द आहे. मूळ अर्थ असुर आणि इंद्र लढले ती जागा, म्हणून रणकंदन. हल्ली प्रेमप्रकरण उघडकीला येऊन तिघं समोरासमोर येतात त्या प्रसंगालाही शुराबाच म्हणतात.

प्रतिसाद १

आणि शीर्षकात श्लेष आहे, तो हातचा जाऊ देऊ नका. ‘शिरायुकिहिमे’ म्हणजे आपली सात बुटक्यांची हिमगौरी. शिरा पांढरं, युकी बर्फ, हिमे राजकन्या. (‘हिमे’चा आपल्या ‘हिम’शी काही संबंध नाही, नुसता योगायोग.) ‘शिरा’च्या जागी ‘शुरा’ घातलं, एक स्वर बदलला आणि परीकथेतून सूडकथा निघाली. हे नाव मूळ काझुओ कोइके आणि काझुओ कामिमुरा यांच्या १९७२च्या मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं. तिथे काळ मेइजी सम्राटाचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, नायिका तुरुंगात जन्मलेली, आणि जन्मच मुळी सूडासाठी दिलेला. १९७३ मध्ये त्यावर अभिनेत्री मेइको काजीचा सिनेमा आला. सातोंनी तीच मुलगी भविष्यात नेली.

विचारणारी

मग ‘हिमकाली’ कसं वाटतं? गौरीची काली. वाचणाऱ्याला हिमगौरी आपोआप आठवेल.

प्रतिसाद २

कानाला छान आहे, पण काली असुरांना मारते आणि ही मुलगी स्वतःच असुर आहे. बौद्ध कल्पनेत असुरलोक हा सहा गतींपैकी, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा लोकांपैकी, एक. तिथे जन्मलेल्याचं भांडण कधी संपत नाही. युकीचं दुःख नेमकं तेच आहे. काली म्हटलं की ती देवी होते, तिचा विजय ठरलेला असतो, आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन बसतो.

प्रतिसाद १

‘हिमासुरी’ घ्या. असुरी हे असुरचं स्त्रीलिंगी रूप आहेच. संधी सरळ होतो, आरंभ ‘हिम’ने आणि शेवट ‘री’ने, म्हणजे हिमगौरीशी यमकही जुळतं. असुरही जागेवर राहतो.

विचारणारी

हिमासुरी! पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. पोस्टरवर हेच घालते आहे, आणि खाली लहान अक्षरांत ‘एका मारेकरणीची गोष्ट’.

प्रतिसाद २

‘मारेकरणीची’ बरोबर लिहिलंत. पुष्कळ जण ‘मारेकरीणची’ लिहितात.