तरुण संघ कोणाच्या हाती द्यावा

विषय: तरुण संघाबाबत विचारणा
प्रेषक: एक सभासद, मध्य न्यू जर्सी

आदरणीय मंडळी,

सप्रेम नमस्कार. आपल्या मंडळातील ख्रिस्ती कुटुंबे महिन्यातून दोन रविवारी दुपारी येथील एका मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात मराठी उपासनेसाठी जमतात, हे या ई-मेल यादीवरील बहुतेकांना ठाऊक आहे. येत्या वर्षापासून तेथील तरुण संघाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. या यादीवर निरनिराळ्या शहरांतील आणि निरनिराळ्या पंथांतील अनुभवी माणसे असल्यामुळे हा विषय येथेच मांडते आहे.

आमची शब्बाथ शाळा, म्हणजे लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, उत्तम चालते. लहान मुले धावत येतात, नाताळच्या नाटुकल्यात देवदूत होण्यासाठी भांडतात. मात्र नववीत गेली की तीच मुले मागच्या रांगेत फोन घेऊन बसू लागतात, आईवडील गाडीतून आणतात म्हणून येतात, आणि सतराव्या वर्षी वाहन परवाना हाती पडला की तेवढेही थांबते. कार्यकारिणीपुढे सध्या दोन सूचना आहेत. वर्गणी वाढवून अर्धवेळ पगारी युवा-पाळक नेमावा, ही एक. आणि मोठ्यांची उपासना चालू असताना तरुणांची स्वतंत्र इंग्रजी सभा शेजारच्या खोलीत भरवावी, ही दुसरी. मुलांना जवळच्या मोठ्या अमेरिकन चर्चच्या गटात पाठवून मोकळे व्हावे, ही तिसरी सूचना कोणी उघडपणे मांडत नसले तरी काही कुटुंबांनी ती केव्हाच अमलात आणली आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र

---

विषय: उत्तर: तरुण संघाबाबत विचारणा
प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, बॉस्टन परिसर (मूळचे नगरचे)

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही योजना मी वेगवेगळ्या मंडळ्यांत राबवल्या जाताना जवळून पाहिल्या आहेत, म्हणून मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. पगारी माणूस तूर्त नेमू नका, आणि उपासनेच्या वेळेत मुलांना भिंतीपलीकडे तर मुळीच बसवू नका.

येथून उत्तरेला दोनेक तासांवर, मेन राज्यातील पोर्टलंड येथे, विलिस्टन चर्चचे तरुण पाळक फ्रान्सिस क्लार्क यांच्यापुढे १८८१ च्या आरंभी तुमच्यासारखाच प्रश्न उभा होता. प्रार्थना सप्ताहात बरीच मुलेमुली विश्वासात आली होती, आणि आता त्यांचे पुढे काय करायचे हे कोणाला उमगत नव्हते. २ फेब्रुवारीच्या संध्याकाळी त्यांनी या मुलांना आपल्या घरी बोलावले आणि एका नव्या संस्थेची घटना वाचून दाखवली. तिच्यातील अट अशी होती की अगदीच अपरिहार्य अडचण नसेल तर सभासदाने प्रत्येक सभेला आलेच पाहिजे, आणि थोडा का होईना, प्रत्येक सभेत स्वतः भाग घेतला पाहिजे. एवढी कडक अट ऐकून मुले प्रथम गप्प बसली, असे सांगतात. मग एकेक सही होत गेली. ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही चळवळ त्या बैठकीतून निघाली, आणि ती इतकी वाढली की १८८७ मध्ये क्लार्क यांना पाळकपद सोडून पूर्णवेळ तिच्यामागे लागावे लागले. मेथडिस्टांनी १८८९ मध्ये आपली एपवर्थ लीग काढली ती याच वाऱ्याने. नगरचे अमेरिकन मराठी मिशन क्लार्क यांच्याच काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट परंपरेतले असल्याने एन्डेव्हर सोसायट्या आमच्या बाजूच्या मंडळ्यांतही निघाल्या, आणि १९०९ साली या चळवळीचे जागतिक अधिवेशन आग्र्याला भरले.

मला यात विशेष वाटते ते मुलांना नेमून दिलेल्या कामाचे. एक समिती प्रार्थनासभा ठरवी, एक स्नेहमेळावे पाही, आणि एका समितीकडे नवे सभासद आणणे व गैरहजर राहणाऱ्याची चौकशी करणे हे काम असे. महिन्यातून एकदा हजेरीपट वाचला जाई आणि प्रत्येकाने आपल्या नावाला उत्तर द्यायचे असे. एखादा पोरगा दोन आठवडे आला नाही तर त्याच्या दारात पाळकाच्या आधी त्याचाच सोबती जाऊन उभा राहत असे. हे काम पगारी माणसाकडे सोपवले की मुले प्रेक्षक होतात, आणि प्रेक्षक दुसरीकडे चांगला खेळ लागला की उठून जातात.

विसाव्या शतकात चित्र बदलले. १९४१ मध्ये टेक्सासात जिम रेबर्न यांनी ‘यंग लाइफ’ सुरू केली, त्याच दशकात ‘यूथ फॉर ख्राइस्ट’ निघाली आणि पुढे प्रख्यात धर्मप्रचारक झालेले बिली ग्रॅहम तिचे पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. चर्चची पायरी न चढणाऱ्या शाळकरी मुलांपर्यंत पोहोचणे हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी साधलाही. पुढे चर्चनीच ती पद्धत उचलली आणि युवा-पाळक हे पद रूढ झाले. शेकडो कुटुंबांच्या चर्चला ते पेलते. आपल्यासारख्या मूठभर घरांच्या मंडळीत मात्र पगारी तरुण दोन वर्षांत दुसरीकडे जातो आणि मुलांचा जीव जडलेला एकमेव माणूस नाहीसा होतो.

शेजारच्या खोलीबद्दल अमेरिकेतील कोरियन ख्रिस्ती बांधवांचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवावा. त्यांच्या मंडळ्या संख्येने आणि पैशाने आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या; त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र उपासना आणि स्वतंत्र पाळकही दिले. तरीही स्थलांतरितांच्या आशियाई मंडळ्यांतून दुसरी पिढी निमूटपणे निघून जात असल्याचे १९९६ मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या नियतकालिकाने ठळकपणे मांडले, आणि ‘सायलेंट एक्झोडस’ हा शब्द तेव्हापासून सर्वांच्या तोंडी झाला. भाषा हे त्याचे एक कारण होते; पण मुले मोठी होऊन नोकरीला लागली तरी मंडळीच्या कारभारात त्यांचा शब्द चालत नव्हता, हे मला अधिक बोलके वाटते.

तेव्हा आपण काय करावे? उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि आपल्याकडे त्या सातांत बहुधा सातही जण पन्नाशीपुढचे असतात. ‘मला तहान लागली आहे’ हा पाचवा उद्गार यंदा एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला द्या. ती पाच मिनिटे बोलेल, निम्मे इंग्रजीत बोलेल, तरी चालेल; मात्र तयारीसाठी महिनाभर आधीपासून एका वडीलधाऱ्याने तिच्याबरोबर बसावे. दानाची मोजणी खजिनदाराबरोबर एका तरुणाने करावी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हणतो तेथे ज्याला ड्रम येतो त्याला बसू द्यावे, आणि ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांच्यासाठी शब्द रोमन लिपीत पडद्यावर दाखवावेत. यावर आमच्या पिढीने नाक मुरडू नये. कार्यकारिणीत दोन तरुण घ्यावेत, आणि त्यांना मत द्यावे, निरीक्षक करून ठेवू नये.

कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरी या धर्मशास्त्र विद्यालयातील चॅप क्लार्क असे सुचवत असत की पाच मुलांमागे एक मोठा माणूस हा नेहमीचा हिशेब उलटा करावा आणि प्रत्येक मुलामागे पाच मोठी माणसे असावीत. त्यांना शिकवणी घ्यायची नाही. मुलाचे नाव, त्याची परीक्षा, त्याचा फुटबॉलचा सामना एवढे माहीत असले तरी पुरे. सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान मंडळीला हे मोठ्या चर्चपेक्षा सोपे जावे.

आपला

---

विषय: उत्तर: तरुण संघाबाबत विचारणा
प्रेषक: एक सभासद, मिसिसागा (मूळची वसईची)

प्रिय ताई आणि आदरणीय काका,

काकांच्या पत्रातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, परंतु वेगळ्या खोलीला त्यांनी दिलेला सरसकट नकार मला पटत नाही. मी आमच्या कॅथलिक धर्मग्रामात दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन या संस्काराच्या तयारीच्या) वर्गाला शिकवते. तेथे तेरा-चौदा वर्षांची मुले जे प्रश्न विचारतात, ते आईवडील दोन रांगा मागे बसलेले असताना कधीच विचारणार नाहीत. आजी आजारी असताना सगळ्यांनी प्रार्थना केली तरी ती का गेली, हा प्रश्न एका मुलाने वर्ग सुटल्यावर, खुर्च्या रचता रचता, माझ्याकडे न पाहता विचारला. अशा प्रश्नांसाठी मोकळी जागा हवी. मात्र ती उपासनेच्या वेळेत नको, तिच्या आधी किंवा नंतर असावी, एवढ्यापुरते काकांचे म्हणणे बरोबर आहे.

आमच्या वर्गाचे दुखणे निराळे आहे. बिशप येतात, दृढीकरण होते, फोटो निघतात, आणि पुढच्या रविवारपासून मुले दिसेनाशी होतात. जणू पदवीच मिळाली. वसईत असे कमी होते असे मला वाटते, कारण तेथे दृढीकरणानंतरही हाताला काम असते. डिसेंबर लागला की गावोगावची पोरे बांबू, पेंढा आणि कापड गोळा करून रात्री जागवत नाताळगोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, उभारतात, आणि शेजारच्या आळीपेक्षा आपला गोठा सरस व्हावा म्हणून चुरस लागते. त्या रात्रींमध्ये धर्मशिक्षणाचा शब्दही कोणी काढत नाही, पण विसाव्या वर्षीही तो मुलगा गावच्या चर्चचाच असतो. जागतिक युवा दिन या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्यालाही मुलांना जरूर पाठवा. २०२३ मध्ये लिस्बनला जाऊन आलेली मुले भारावून परतली होती. पण परतल्यावर त्यांच्यासाठी स्थानिक पातळीवर काहीच तयार नसेल तर तो भर महिनाभरात ओसरतो.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना ऐकायला आवडत नाही. अमेरिकेतील तेरा ते सतरा वयोगटातील तीन हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून क्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा लुंडक्विस्ट डेंटन यांनी २००५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत मुलांच्या श्रद्धेवर सर्वाधिक परिणाम आईवडिलांचा होतो असे दिसून आले. घरात जेवणापूर्वीची प्रार्थनाही होत नसेल तर महिन्यातील दोन रविवारांकडून तुम्ही किती अपेक्षा धरणार? तरुण संघाची पहिली सभा पालकांची घ्यावी, अशी माझी सूचना आहे.

आपली

---

विषय: उत्तर: तरुण संघाबाबत विचारणा
प्रेषक: एक सभासद, फिलाडेल्फिया परिसर

सर्वांस नमस्कार,

चर्चा चांगली चालली आहे, पण एका विषयाला कोणी हात लावलेला नाही. आपण सगळे एकमेकांना ओळखतो, हा काकांनी सांगितलेला लहान मंडळीचा गुण मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत धोक्याचा ठरतो, कारण ओळखीच्या माणसाची चौकशी करणे आपल्याला अपमानास्पद वाटते. तुमची उपासना मेथडिस्ट चर्चमध्ये भरते. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सर्वसाधारण परिषदेने १९९६ मध्ये याबाबत ठराव केला, आणि त्यातून ‘सेफ सँक्च्युअरीज’ या नावाने ओळखली जाणारी नियमावली तयार झाली. मुलांबरोबर नेहमी किमान दोन प्रौढ असावेत. गटाचा प्रमुख त्यातील मुलांपेक्षा निदान पाच वर्षांनी मोठा असावा. नव्या माणसाने मंडळीत सहा महिने काढल्याशिवाय त्याच्याकडे मुले सोपवू नयेत. खोलीच्या दाराला काच असावी. पार्श्वभूमीची तपासणी प्रत्येक स्वयंसेवकाची होते, मग तो कोणाचा मेहुणा असो वा माजी अध्यक्ष.

प्रत्येक मुलामागे पाच मोठी माणसे हवी असतील तर या तपासणीचे कागद त्या पाचही जणांचे हवेत, आणि मुलांशी फोनवर संदेशांची देवाणघेवाण केवळ गटात व्हावी, एकेकट्याशी नव्हे. पाहुणी संस्था म्हणून त्या चर्चचे नियम तुम्हाला बहुधा आधीच लागू असतील. त्यांच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या.

आपला

---

विषय: उत्तर: तरुण संघाबाबत विचारणा
प्रेषक: एक सभासद, मध्य न्यू जर्सी

आदरणीय काका, ताई आणि दादा,

तिघांचीही मनापासून आभारी आहे. पगारी नेमणुकीचा प्रस्ताव मी पुढील बैठकीत मागे ठेवण्याची विनंती करणार आहे. उपासनेआधीचा पाऊण तास तरुणांचा स्वतंत्र राहील, आणि उपासना सर्वांची एकत्र होईल. चर्चच्या कार्यालयातून स्वयंसेवकांचे अर्ज मी आजच मागवले आहेत.

उत्तम शुक्रवारच्या सूचनेवर मात्र घरूनच विरोध सुरू झाला आहे. पाचवा उद्गार गेली कित्येक वर्षे माझे सासरे सांगत आले आहेत, आणि तो सोडायला ते तयार नाहीत. मुलीबरोबर महिनाभर बसणारे वडीलधारे त्यांनीच व्हावे, असे मी त्यांना सुचवले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. काका, त्यांचा आणि तुमचा नगरपासूनचा परिचय आहे. या आठवड्यात त्यांना एक फोन कराल का?

आपली नम्र