मदत हवी आहे: माणसं कळतात, पण निर्णय घेताना त्याचं करायचं काय?

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एका सॉफ्टवेअर सपोर्ट टीमची लीड आहे, लीड होऊन फार दिवस झालेले नाहीत. काम चोवीस तास चालतं त्यामुळे रात्री कोणीतरी ऑनकॉल, म्हणजे काही बंद पडलं तर उठून बघायला तयार, लागतंच. रोस्टर (कोणाची रात्र कधी याचा तक्ता) आहे पण ते नावाला, बहुतेक रात्री टीममधला एकजण, त्याला क्ष म्हणू, तोच घेतो. त्याला असं कोणी सांगितलेलं नाही, होत गेलं ते, कोणाचं मूल लहान, कोणाची तब्येत नाजूक, "आजच्या दिवस बघतोस का" असं म्हटलं की हा बघतो, आणि सिस्टीम त्याच्याइतकी कोणालाच माहीत नाही हेही खरंच आहे. आता वरून आलंय की पुढच्या महिन्यापासून रात्री सगळ्यांमध्ये सारख्या वाटायच्या. कागदावर एकदम बरोबर, कोणीही हो म्हणेल.

पण मला जे दिसतंय ते वेगळंच आहे. रात्री अडीचला बंद पडलेलं सगळं एकट्याने उभं करायचं आणि सकाळी ग्रुपवर फक्त "झालंय" एवढंच टाकायचं, यात क्षचा मान आहे असं मला वाटतं. रात्री काढून घेतल्या तर त्याला सुटलो असं नाही वाटणार, आपल्याला बाजूला केलं असं वाटेल. दुसरीकडे य, ती मीटिंगमध्ये कशालाही "चालेल" म्हणते आणि मग दोन दिवस एका शब्दात उत्तरं. रोस्टरचा विषय निघाला तेव्हाही "चालेल" म्हणाली आणि मला ते चालेल जराही खरं वाटलं नाही. नवीन आलेला मुलगा मात्र उत्साहात आहे, त्याला अजून रात्रीचा अलर्ट, म्हणजे काहीतरी बिघडल्याची सूचना, काय असते ते माहीतच नाही.

मॅनेजरना हे सांगायला गेले तर म्हणाले, भावना बाजूला ठेव, नंबर बघ. नंबर म्हणजे काय तर कोणी किती रात्री केल्या! त्यात हे कुठे दिसणार?

तर प्रश्न असा की तुला माणसं बरोबर कळतात असं मला सगळे म्हणतात, पण त्या कळण्याला निर्णयात किती वजन द्यायचं? दिलं तर पक्षपात वाटतो, कोणाचा चेहरा पडला म्हणून नियम बदलला असं होईल. नाही दिलं तर रोस्टर लागेल आणि महिन्याभरात कोणीतरी राजीनामा ठेवेल. ज्यांनी टीम सांभाळल्यात त्यांनी कृपया लिहा.

आडवळणी
ताई, एक विचारू? हे सगळं "मला वाटतं" आहे. क्षला विचारलंयत का?

धागाकर्ती
थेट नाही. तो "मला काय, काहीही चालेल" म्हणणार हे मला माहितीये.

आडवळणी
माहितीये की वाटतंय? टोमणा नाही हा, खरंच विचारतोय. २०१८ साली एयाल, स्टेफेल आणि एपली या तिघांचा एक अभ्यास आला होता, तब्बल २५ प्रयोगांचा. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा असं लोकांना सांगितलं, मग त्याच्या मनात काय आहे ते ओळखायला लावलं. नुसती अशी कल्पना केल्याने अंदाज अचूक झाला नाही, उलट थोडा बिघडलाच, आणि काही वेळा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास मात्र वाढला. जोडीदाराची मतं ओळखण्याचाही प्रयोग त्यात होता, म्हणजे ओळखीच्या माणसाबद्दलसुद्धा तीच गत. फरक कशाने पडला तर सरळ बोलून विचारल्याने. त्यामुळे तुम्हाला जे जाणवतंय ते टाकून देऊ नका पण त्याला उत्तर समजू नका, कोणाला काय विचारायचं याची ती यादी आहे. य खोटं चालेल म्हणतेय हे तुम्हाला जाणवलं, छान, आता का म्हणतेय ते तिच्याकडूनच कळणार, ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

रातकिडा
आडवळणी यांना +१, पण विचारायची पण पद्धत असते हो. "तुला चालेल का" विचारलं की चालेल हेच उत्तर येणार, लीडने विचारलंय ना. मी वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्यात म्हणून सांगतो. आमची एक लीड होती ती विचारायची, हे लागू केलं तर पहिली कुरकुर कशाची होईल? कुरकुर कोणाची ते विचारायची नाही, कशाची ते विचारायची, मग माणूस मोकळा होतो कारण स्वतःचं नाव घ्यावं लागत नाही. गॅरी क्लाइन म्हणून निर्णय कसे होतात यावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांचा प्रकार याच जातीचा आहे. काम सुरू करायच्या आधीच धरून चालायचं की हे सपशेल फसलंय, आणि का फसलं ते प्रत्येकाने आपापलं लिहायचं. लिहायचं, आधी बोलायचं नाही, नाहीतर पहिला बोलेल त्याच्याच मागे सगळी मीटिंग जाते. आणि तुम्ही स्वतः सगळ्यात शेवटी बोला.

धागाकर्ती
कशाची ते विचारायचं, हे आवडलं. उद्या करून बघते.

रोखठोक
थोडं कडू बोलतो. इथे सगळे क्षच्या मनाची काळजी करतायत, पण एकाच माणसावर रात्री टाकणं हे मुळातच चुकीचं आहे, त्याला मान वाटो की न वाटो. तो आजारी पडला तर? झोप मोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी चुका करतो, याला काही मानसशास्त्र लागत नाही. तेव्हा रात्री वाटायच्याच, हे ठरलं म्हणून चाला. कोणाला काय वाटेल हा प्रश्न कसं करायचं, कधी, कोणत्या क्रमाने आणि कोणी सांगायचं यात येतो. काय करायचं ते कामाच्या गरजेवर. या दोन गोष्टींची खिचडी झाली की पक्षपात सुरू होतो, तुमची भीती तिथलीच आहे.

आणि कसं सांगायचं याला हलकं समजू नका. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास आहे, एका कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवडे पगार १५ टक्के कापला होता. एकीकडे वरिष्ठांनी वेळ देऊन कारण समजावलं, वाईट वाटतंय म्हणाले, प्रश्न घेतले. दुसरीकडे थोडक्यात सांगून मोकळे. कपात दोन्हीकडे तेवढीच, पण दुसऱ्या कारखान्यात मालाची चोरी कितीतरी जास्त वाढली आणि नोकरी सोडून जाणारेही तिथेच जास्त. तुमच्या मॅनेजरना नंबर हवेत ना, हे घ्या.

वळचण
सगळ्यांचं वाचलं. मला धाग्यात अजून एक गोष्ट दिसली, राग मानू नका. तुम्ही मॅनेजरवर चिडलेल्या आहात. त्या उद्गारचिन्हावरून तरी तसं वाटतंय :) चिडणं बरोबरच असेल, पण लर्नर आणि केल्टनर यांनी २००१ मध्ये दाखवलंय की रागावलेल्या माणसाला धोका कमी दिसतो आणि घाबरलेल्याला जास्त. म्हणजे मॅनेजरवरच्या रागात क्षला आहे तसंच ठेवू असं वाटणं सोपं आहे, आणि राजीनाम्याच्या भीतीने तेच वाटणं अजून सोपं! लोकांच्या भावना वाचताना आपलीही एक टेबलावर असते, तिचं नाव आधी घ्यावं. मी तर मोठा निर्णय असला की वहीत कोपऱ्यात लिहून ठेवते, आज वैतागलेय, आज घाई आहे. बालिश वाटेल पण उपयोग होतो.

(अवांतर: एका शब्दात उत्तर देणारे सगळेच नाराज नसतात, माझ्या टीममध्ये एकजण आनंदातही "ओके" च लिहितो.)

धागाकर्ती
वळचण, राग नाही, उलट हसू आलं. चिडलेय खरी.

अपडेट देते. क्षशी वेगळं बोलले, रोस्टर फसलं तर कशावरून फसेल असं विचारलं. तो बराच वेळ बोलला, एरवी चार शब्दांवर न जाणारा माणूस! रात्री सोडायला तो तयार आहे, एवढंच नाही तर थकलाय. त्याचं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी, दुसऱ्या कोणाच्या रात्री काही चुकलं की सकाळी निस्तरायला आणि उत्तर द्यायला आपल्यालाच बोलावणार, म्हणजे रात्रही गेली आणि सकाळही, त्यापेक्षा आपणच जागलेलं बरं. मानाचा भाग आहे थोडा, पण मला वाटला तेवढा नाही. यचं तर भलतंच निघालं, तिला रात्रींची हरकतच नाही, तिला एकटीला पहिला अलर्ट आला आणि काही सुचलं नाही तर कोणाला उठवायचं हे कुठेच लिहिलेलं नाही आणि ते मीटिंगमध्ये विचारलं तर अडाणी दिसू ही भीती.

दोघांनी मिळून मला एकच सांगितलं म्हणायचं, रात्री कोणी काय करायचं ते कागदावर नाही. आता मॅनेजरना हे भावना न म्हणता कसं सांगू?

रोखठोक
भावना म्हणूच नका. रोस्टर लागू होतंय, त्यात दोन जोखमी आहेत, एक म्हणजे माहिती एकाच माणसाच्या डोक्यात, दुसरी म्हणजे अडलं तर कोणाला उठवायचं ते ठरलेलं नाही. उपाय म्हणून सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येकाच्या रात्री दुसरा एक जोडीला, क्षने लिहून काढायचं आणि त्या लिहिण्याचा वेळ त्याच्या दिवसाच्या कामातून वजा करायचा. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर तो तेही रात्रीच करेल.

रातकिडा
आणि निस्तरणं कोणाकडे ते स्पष्ट लिहा. ज्याची रात्र त्यानेच सकाळी सांगायचं, क्षला बोलवायचं नाही. मॅनेजरच पहिले बोलवतील बघा, त्यांच्याकडून हो घेऊन ठेवा.

आडवळणी
मेल टाकायच्या आधी क्ष आणि य दोघांना दाखवा. त्यांनी तुमच्याजवळ बोललेलं त्यांना न विचारता वर गेलं तर पुढच्या वेळी परत नुसतं "चालेल" ऐकायला मिळेल.

धागाकर्ती
हे सुचलंच नसतं. आज दोघांना दाखवते, यचं नाव काढून टाकते, मग पाठवते. नवीन मुलाला कोणाच्या जोडीला द्यायचं ते अजून ठरत नाहीये, क्षच्या जोडीला दिलं तर शिकेल पण क्षचीच रात्र वाढेल, यच्या जोडीला दिलं तर दोघंही नवखे. कोणी अशी जोडी लावली असेल तर सांगा.