विंचू चावला: शेवटचं कडवं खाल्लं तर राहिलं काय?

अजिंक्यताऱ्याखाली:
परवा साताऱ्यात एका मंडळाच्या कार्यक्रमाला फ्युजन बँड आलेला, गिटार ड्रम कीबोर्ड सगळं, 'विंचू चावला' सुरू केलं आणि पब्लिक उठून नाचायला लागलं, मी पण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण चार मिनिटं नुसतं चावला चावला करून शेवटी गिटारचा सोलो आणि थँक्यू सातारा! अरे पण विंचू उतरवला कुणी? पैठणच्या एकनाथांचं भारूड आहे ते. कामक्रोधाचा विंचू चावतो, सत्त्वगुणाचा अंगारा लावला की उतरतो, आणि मग 'किंचित राहिली फुणफुण, शांत केली जनार्दने'. जनार्दन म्हणजे नाथांचे गुरू. हे लोक पेशंटला स्टेजवर तडफडत टाकून गाडीत बसले. माझ्या मते शाहीर साबळेंचं रेकॉर्डिंग भारी, गावचं भजनी मंडळ त्याच्याही वर, आणि बँडवाले खालून पहिले.

सांगलीचा_बेंजोवाला:
आलं का परत आमच्या वेळचं भारी! लगा आम्ही मिरवणुकीत हेच बेंजोवर वाजवतो, बेंजोला कुठं शब्द असत्यात? ट्रॉलीवर उभं राहून चार तास वाजवायचं, पोरांना ठेका पायजे, तिथं सत्त्वगुण कुठनं आणू. आणि साबळेंचं ते 'अगगगग देवा रे देवा', मधली बोलणी, ते नाथांच्या गाथेत हाय का? त्यांनी केलं की लोककला आणि आमी केलं की धिंगाणा व्हय?

वाईची_सून:
पसरणी आमच्या वाईला लागूनच, साबळे तिथले, १९२३ चा जन्म. त्यामुळे मी बायस्ड आहे हे आधीच सांगते 😄 पण भारूड मुळात सोंगच असतं ना, बोलणी असणारच, बोलणी नसतील तर ते भारूड कसलं. त्यांचं विव्हळणं ऐकून आपण हसतो आणि हसता हसताच उताऱ्यापर्यंत जाऊन पोचतो. त्यांनी भर घातली, बँडने कापलं. दोन्ही सारखं कसं?

सांगलीचा_बेंजोवाला:
कापलं तरी गाणं पोरांच्या तोंडात तरी हाय वहिनी. अख्खं म्हणणारी मंडळं किती उरली ते पण बघा की. आमच्या गल्लीत भजनाला सात माणसं, त्यातली दोन झोपलेली.

खटावची_सिस्टर:
मी बारा वर्षं खेड्यातल्या दवाखान्यात काढली म्हणून थोडं वेगळं बोलते. लाल विंचू चावलेला माणूस आणतात तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका घाम आणि हातपाय गार. 'तम घाम अंगासी आला' ही ओळ ऐकली की मला तो कॉटच आठवतो, नाथांनी असा माणूस जवळून बघितला असणार असं माझं मत. छाती पण धडधडते, त्यामुळे तिथं ड्रम मला तरी खटकत नाही, बेंजोवाल्या दादांना माझं मत. पण चढला की उतरायला पण हवा ना. पूर्वी अशी माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाचं औषध वापरून दाखवलं तेव्हापासून बरीच वाचायला लागली. (खरा विंचू चावला तर अंगारा लावत बसू नका, गाडी काढा.)

मिरजेचा_तारवाला:
मी पण होतो त्या कार्यक्रमाला. कडवं जाऊ दे, गिटारची दुसरी तार उतरलेली होती पूर्ण वेळ. आमच्या घरी तंबोरे बनतात, मला तिथं बसवेना.

अजिंक्यताऱ्याखाली:
😂 सिस्टर, धडधडीचं पटलं, ड्रमवरचा राग मागे घेतो. आता भजनी मंडळ वर का ते सांगतो. माण तालुक्यात आमच्या गावी सप्त्याला एक म्हातारे बुवा भारूड करायचे. पहिली कडवी एवढी जोरात की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, बुवा एका पायावर उड्या मारायचे, धोतर सुटायची वेळ. 'विंचू इंगळी उतरे झरझरा'ला पखवाज सुसाट. आणि मग हात वर केला की पखवाज बंद, फक्त एक टाळ. बुवा खाली बसायचे, टाच मांडीवर घ्यायचे आणि अंगठ्यानं दाबत दाबत 'किंचित राहिली फुणफुण' म्हणायचे, एकदम हळू, जणू खरंच अजून दुखतंय. मी सात-आठ वर्षांचा असेन, कळत काहीच नव्हतं, पण मी पण माझी टाच दाबून बघितली होती. ते कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही.

वाईची_सून:
हे वाचून मी पण टाच दाबली.

सांगलीचा_बेंजोवाला:
भारी लिवलंय, मान्य. पण बुवा देवळात बसल्यात आणि आमी चौकात, मागनं दुसऱ्या मंडळाचा डीजे. तिथं एक टाळ कुणाला ऐकू जाणार? माझं मत काय बदललं न्हाय. फक्त आमच्या कीबोर्डवाल्याला आत्ता विचारलं तर त्याला शेवटचं कडवं म्हाईतच न्हाय, पंधरा वर्षं वाजवतोय. तुमचंच व्हाट्सॅपवर टाकलं. आता उलटा मेसेज आलाय, फुणफुण म्हंजे काय?

खटावची_सिस्टर:
बोट दारात सापडलं की दुसऱ्या दिवशी रात्री जे होतं ते, असं सांगा.