मंगळावर माणसांची वस्ती: आपल्या हयातीत की नुसत्याच गप्पा?

चहा_खारी: रविवारी साडूंशी चांगलीच जुंपली. त्यांचं म्हणणं २० वर्षांत मंगळावर वस्ती होणार, मी म्हणालो काहीतरीच काय. मग त्यांनी यूट्यूबवर काचेचे घुमट आणि आत हिरवीगार झाडं वगैरे दाखवली. आता आपलं मंगळयान २०१४ ला पहिल्याच झटक्यात पोचलं म्हणजे जाणं एवढं अवघड नसावं, मग घोडं अडतंय कुठे? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, पुढच्या रविवारी जेवायला परत त्यांच्याकडेच जायचंय.

पंपवाला: मंगळयान नुसतं भोवती फिरत होतं हो, उतरलं कुठे, आणि त्याला श्वास घ्यायला लागत नव्हता. तिथल्या हवेचा दाब आपल्या १ टक्काही नाही आणि त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढून दाखवलाय, पर्सिव्हिरन्स रोव्हरवर मॉक्सी नावाचं मायक्रोवेव्हएवढं यंत्र होतं, १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम निघाला. एका माणसाला जेमतेम साडेतीन तास पुरेल एवढा. पण माझी खरी भीती वेगळीच आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या पंपाचं सील गेलं, दीडशे रुपयांची वस्तू, नेमका शनिवार संध्याकाळ, दुकानं बंद, सोमवारपर्यंत अख्खी बिल्डिंग टँकरवर आणि शिव्या मला. मंगळावर जायचा मुहूर्त २६ महिन्यांनी एकदा लागतो आणि वर सहा-सात महिने प्रवास. तिथे सील गेलं तर?

गच्चीवरची_बाग: थ्रीडी प्रिंटरवर बनवतील की सील! कायम काय नन्नाचा पाढा.

पंपवाला: बनवतील, पण प्रिंटरचा पार्ट गेला की?

गच्चीवरची_बाग: 😀 बरं ते सोडा, माझं दुखणं मातीचं. तिथे माती नाहीच, दगडाचा भुगा आहे, ह्यूमस म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश नावालाही नाही, वर परक्लोरेट नावाचे क्षार, २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडले. थायरॉइडला वाईट. पाण्यात विरघळतात म्हणजे धुऊन काढता येतील, पण मग तेवढं पाणी आणा, ते परत शुद्ध करा, म्हणजे फिरून काकांचा पंप आलाच. आणि पृथ्वीवर तरी कुठे जमलंय, ॲरिझोनात बायोस्फिअर २ मध्ये १९९१ ला ८ माणसं बंद काचघरात दोन वर्षं राहिली, आतला ऑक्सिजन २१ वरून १४ टक्क्यांच्या आसपास आला. खतवाल्या मातीतले जिवाणू तो खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषत होतं, हे कळायलाच केवढा वेळ गेला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

सिस्टर_मावशी: सगळे हवा-पाण्यावरच अडलेत, बाळंतपणाचं कोणीच बोलेना. वस्ती म्हणजे मुलंबाळं आली ना? मंगळावर गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. स्पेस स्टेशनवर रोज दोनेक तास व्यायाम करूनही हाडं झिजतात हे माहितीये, पण तिथे वजनच नाही. शून्य आणि पूर्ण याच्या मधल्या गुरुत्वाकर्षणात माणूस जास्तीत जास्त राहिला तो चंद्रावर, १९७२ मध्ये, ७५ तास. त्यावरून नऊ महिन्यांचं पोट, बाळाची हाडं, त्याचं पाऊल टाकणं, कशाचा अंदाज बांधायचा? संशोधक जाऊन राहतील, अंटार्क्टिकाला जातात तसे, ड्युटी संपली की घरी. वस्ती म्हणू नका त्याला.

चहा_खारी: सगळ्यांचे आभार, धागा साडूंना पाठवला. त्यांचा मेसेज आला, मंगळ राहू दे, शुक्रावर ५० किमी उंचीवर दाब पृथ्वीएवढाच असतो, तिथे फुग्यात राहू. आता याला काय उत्तर देऊ?

पंपवाला: दाबाचं खरं बोलतायत ते. पण ढग सल्फ्युरिक ॲसिडचे आहेत आणि खाली जमिनीवर ४६० डिग्री. फुगा कुठल्या मटेरियलचा, तेवढं विचारून घ्या.