मदत हवी आहे: बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली, घर खाली करायचंय आणि मला काही टाकवत नाही

मेंटेनन्सवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

डोंबिवली पूर्वेला आमची १९८४ सालची बिल्डिंग, तळमजला अधिक तीन. रीडेव्हलपमेंटचा करार झालाय, दिवाळीनंतर जागा खाली करून द्यायची आहे. बिल्डर जे भाडं देणार त्यात याच भागात वन आरके मिळेल, नशीब जोरावर असलं तर लहानसा वन बीएचके. आणि आमच्या घरात आत्ता जे सामान आहे ते टू बीएचकेतही मावणार नाही.

सामान बहुतेक माझंच. बायकोचं म्हणाल तर श्रीखंडाचे रिकामे डबे आणि हळदीकुंकवात आलेली वाणं, ती तिने एका दुपारी बसून निकालात काढली. मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. बंद पडलेली वस्तू दिसली की उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. सोसायटीत कुणाचा मिक्सर जळला, पंखा गेला, की "काकांना देऊन टाका". त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या चकरा, आणि अधूनमधून शुक्रवारी पहाटेची लोकल पकडून चोर बाजार. बाल्कनीत आता उभं राहायला जागा नाही. दिवाणाची फळी नीट बसत नाही इतकं खाली कोंबलंय. कुणी भेटायला आलं तर आम्ही जिन्यात उभं राहून बोलतो.

अडतं कुठे ते सांगतो. परवा एक मिक्सर टाकायचा म्हणून काढला. मोटर हाताने फिरवून बघितली, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) झकास, कार्बन ब्रश निम्मे शिल्लक. गेलाय फक्त कपलर, म्हणजे मोटर आणि जार जोडणारा तुकडा, आणि कपलर काय, चिल्लर पैशांत मिळतो. मग जार शोधला. जार नाही. दुसऱ्या मिक्सरचा बसतोय का बघू म्हणून तो काढला. त्याचा जार बसला, पण याचा स्विच कडक. सगळी सकाळ गेली आणि शेवटी दोन्ही मिक्सर होते तिथे परत. प्रत्येक वस्तूचं हेच. टाकायला घेतली की तिचा उपयोग डोळ्यांपुढे येतो.

मुलगा पुण्याला असतो. त्याचा तोडगा सोपा: "बाबा, तुम्ही दोन दिवस आत्याकडे जा, मी टेम्पो बोलावतो." तो हे बोलल्यापासून माझी झोप उडाली आहे. आमचं बोलणंही सध्या कामापुरतंच.

"वर्षभर वापरलं नाही ते टाका" हा उपदेश कृपया नको. मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, मी रिटायर झाल्यापासून वापरलेला नाही, म्हणून तो टाकायचा? विचारायचंय ते एवढंच: ठरवायचं कसं, चांगल्या वस्तू योग्य हातात जातील अशा द्यायच्या कुठे, आणि माझ्यासारखं इथे आणखी कुणी आहे का? असेल तर जोडीने करू. एकट्याने होत नाहीये.

---

ठाणे_वेस्ट

काका, मेगर काढायचा झाला तर फक्त हाक मारा. पुढची लोकल पकडतो.

---

ठाणे_वेस्टची_बायको

अजिबात देऊ नका. आमच्या घरात असं बरंच काही आहे आणि हा माणूस बँकेत नोकरीला आहे.

---

स्पष्टच_बोलतो

एवढं काय त्यात? भंगारवाल्याला बोलवा, वजनावर द्या, विषय संपला.

---

गंगापूर_रोड

@स्पष्टच_बोलतो, विषय संपत नाही हो. आमच्या घरी हे करून झालंय. वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तेव्हा भावाने त्यांची खोली साफ करून टाकली. चांगल्या मनानेच केलं, रंगसुद्धा काढून घेतला. वडील घरी आले, खोलीच्या दारात उभे राहिले आणि एकच विचारलं, "माझी लाल वही कुठाय?" त्या वहीत कुणाकडून काय येणं आहे ते लिहिलेलं होतं. ती गेली होती. पुढे कित्येक महिने ते भावाशी बोलले नाहीत. खोलीला कुलूप लावायला लागले, किल्ली जानव्याला. आणि वर्षाच्या आत खोली होती तशी भरली, उलट आता आत कुणाला पाऊलही टाकू देत नव्हते.

काका, हे तुमच्या मुलाला वाचायला द्या. त्याला मदत करायचीच असेल तर कामं भरपूर आहेत. नव्या जागेची मापं घ्यावीत, खोकी आणून द्यावीत, जे तुम्ही "जाऊ दे" म्हणाल ते त्याच दिवशी गाडीत घालून न्यावं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. दाराशी ठेवलेली पिशवी रात्रीतून परत आत येते. काय जाणार ते मात्र तुम्हीच सांगायचं.

---

समुपदेशक_सातारा

स्क्रीनवरून कुणाला आजाराचं नाव चिकटवणं मला पटत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

वस्तू टाकता न येणं याला मानसोपचारात २०१३ पासून स्वतंत्र निदान मानतात. त्याआधी ते ओसीडीचं (त्याच त्या विचार-कृतींत अडकवणाऱ्या आजाराचं) एक लक्षण म्हणून धरलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणातही ते वेगळं दिलेलं आहे. नुसतं सामान किती आहे यावर निदान होत नाही. पलंगावर झोपता येतं का, ओट्याशी स्वयंपाक होतो का, घरात चालताना पाय अडकतो का, आणि टाकायच्या नुसत्या विचाराने जिवाची किती घालमेल होते, हे बघतात. बहुतेकांना सवय तरुणपणीच लागलेली असते आणि वयाबरोबर वाढत जाते. जोडीदार गेल्यावर किंवा नैराश्यात ती आणखी जोर धरते. उतारवयात अचानक सुरू झाली आणि सोबत विसराळूपणा किंवा स्वभावात फरक दिसला, तर मात्र आधी डॉक्टर गाठावा.

उपचारात औषधापेक्षा सरावावर भर असतो. वर्गवारी करायची, निर्णय घ्यायचा आणि नवीन आणायचं नाही. हे तिसरं लोक विसरतात. त्यासाठी मुद्दाम बाजारात जायचं, हवीशी वाटलेली वस्तू हातात घ्यायची, परत ठेवायची आणि रिकाम्या हाताने घरी यायचं. सुरुवातीला तगमग होते, थोड्या वेळाने ती आपोआप ओसरते. ओसरते हे स्वतः अनुभवणं हाच सराव. तुमच्या बाबतीत चोर बाजारासारखी जागा शोधून सापडणार नाही, फक्त सोबत कुणाला तरी न्या, आणि पहिल्या खेपेला पाकीट त्याच्याकडे द्या.

मदतीला बसणाऱ्याने विचारल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. "टाका" असंही म्हणायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ही कुठे ठेवणार? हिचं काम कोण करणार, कधी? नसती तर काय अडलं असतं? उत्तर मोठ्याने द्यायचं. मनातल्या मनात जे पटतं ते मोठ्याने बोललं की कधी कधी आपल्यालाच पटत नाही.

झोप उडालीये म्हणता म्हणून एक नंबर देते: टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

---

कर्वेनगर_कंपोस्ट

मी "कुठे द्यायचं" एवढ्यावरच बोलते.

दुरुस्त होण्यासारखे मिक्सर भंगारात घालूच नका. स्टेशनजवळ जो मिक्सर-पंखे दुरुस्त करतो, मोटार रिवायंडिंग करतो, त्याला बोलवा. त्याला आर्मेचर कळतं, तो ते वापरेल. हत्यारं आणि मीटर आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना विचारून बघा. कामाला लागलेल्या पोराला स्वतःचं क्रिम्पिंग टूल घेणं जड जातं. तुमच्यासारख्या माणसाला वस्तू कुठे गेली हे कळलं की सोडणं सोपं जाईल असं मला वाटतं, चूक असेल तर सांगा.

जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही असतील तर ते उघडू नका. तुम्हाला माहीतच असेल, आत चार्ज राहतो, आणि काचेत शिसं असतं. ते, सर्किट बोर्ड, मोबाइल आणि चार्जर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाऊ द्या. वायरी कुणी जाळून तांबं काढणार असेल तर त्याला देऊ नका. फुगलेली मोबाइल-लॅपटॉपची बॅटरी दाबायची नाही, भोसकायची नाही, रद्दीत तर नाहीच नाही. जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते, त्या घेणारे वेगळे असतात.

बाल्कनीतले डबे आणि टायर पहिल्यांदा हलवा. पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथेच.

कागद मात्र एकेक उलटून बघा, गठ्ठ्याने रद्दीत नको. खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आत्ता रीडेव्हलपमेंटमध्ये लागणारच. गावचे सातबारे, मृत्यूचे दाखले, विम्याच्या पॉलिसी बाजूला. आणि कंपन्यांची जुनी कागदी शेअर सर्टिफिकेटं सापडली तर नाचा आधी. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, डिमॅट करावे लागतात, पण म्हणून त्यांची किंमत गेलेली नसते. लाइट बिलांचे गठ्ठे खुशाल द्या.

---

वसई_निवृत्त_बाई

काका, तुम्ही "माझ्यासारखं कुणी आहे का" विचारलंत. आहे. मी शिक्षिका होते. माझ्याकडे मोटारी नाहीत, खण आहेत. ओटीत आलेले ब्लाउजपीस, साड्यांचे खोके, मुलांच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं. साड्यांची गोधडी शिवायची होती, गोधडी शिवणाऱ्या बाई गावाला गेल्या त्या गेल्या. बोहारीण पूर्वी दारावर यायची, स्टीलच्या डब्यावर चार साड्या घेऊन जायची, तेवढी तरी वाट होती. आता आमच्या कॉम्प्लेक्समध्ये वॉचमन तिला आत सोडत नाही.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. "काय टाकू" हा प्रश्नच मी बंद केला. जागा आधी ठरवली: कपड्यांना एक कपाट, कात्रणांना एक ट्रंक. मग आवडीचं आधी आत ठेवायला घेतलं. कपाट भरलं की जे बाहेर राहिलं त्याकडे बघताना हातात काहीतरी असतं, सगळंच जातंय असं वाटत नाही. तुम्ही नव्या जागेचं माप आलं की जमिनीवर खडूने चौकोन आखा. हत्यारांचा चौकोन एवढा. मेगर पहिला आत ठेवा, त्याला कुणी काही म्हणणार नाही.

आणि जोडी हवी असेल तर मी तयार आहे. रविवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवायचा, तुम्ही तुमचं काढा, मी माझं काढते. साताऱ्याच्या ताईंनी सांगितलेले प्रश्न एकमेकांना विचारू. व्हिडिओ नको, पसारा दाखवायचा संकोच दोघांनाही. मला आर्मेचर कळत नाही आणि तुम्हाला इरकल कळणार नाही, हेच बरं आहे. म्हणजे वस्तू किती चांगली आहे यावर गप्पा रंगणार नाहीत.

---

मेंटेनन्सवाला_डोंबिवली

सर्वांचे आभार. सविस्तर लिहितो.

साताऱ्याच्या ताई, आजार वगैरे वाचून आधी राग आला. चाळीत वाढलेल्या आमच्या पिढीत सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवत, मग सगळेच आजारी म्हणायचे का? पण "पाय अडकतो का" हे वाचून बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती मागच्या श्रावणात स्टॅबिलायझरला अडखळून पडली होती. १४४१६ ला अजून फोन केलेला नाही. नंबर लिहून फ्रिजवर लावलाय, तोही तिने.

वसईच्या बाईंसोबत रविवारी फोनवर बसलो. त्यांचा प्रश्न साधा होता, "हा मिक्सर दुरुस्त झाला की कोण वापरणार?" मी म्हटलं, कुणाला तरी देईन. त्या म्हणाल्या, "मग बंद असतानाच का नाही देत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिवायंडिंगवाल्या पोराला बोलावलं. त्याने मिक्सर तर नेलेच, वर दोन तास बसून मला विचारून विचारून कंडेन्सरची अख्खी बरणी निवडली. त्याच्याकडे गेलेल्या वस्तूंचं मला काही वाटलं नाही. एक बेअरिंग पुलर मात्र मी जिन्यातून परत मागून आणला. तो चौकोनात बसतो, मोजलाय.

स्क्रूच्या बरण्या तशाच आहेत. पेपरच्या कात्रणांना हातही लावलेला नाही. या दोन गोष्टींवर वाद घालू नका, वेळ येईल तेव्हा बघू.

मुलाला गंगापूर रोडच्या ताईंचा प्रतिसाद पाठवला. त्याचा फोन आला, टेम्पोचं काही बोलला नाही, म्हणाला शनिवारी गाडी घेऊन येतो, ई-कचरा कुठे पोचवायचा तेवढं सांगा.

तेव्हा आता दोन गोष्टी हव्या आहेत. डोंबिवली-कल्याण भागात इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या नवीन न घेता कोण घेतं? दुकानदार बदलीत घेतात, पण मला बदली नकोय, नवीन काही आणायचं नाही असं ठरलंय. आणि रविवारी फोनवर आणखी कुणाला बसायचं असेल तर इथेच सांगा. वसईच्या बाई म्हणतात चौघांपर्यंत चालेल, त्यापुढे गोंगाट होतो.

@ठाणे_वेस्ट, मेगर देत नाही. पण एक चालू अवस्थेतला सोल्डरिंग स्टेशन जास्तीचा आहे. आधी घरी विचारा.