ग्रीस क्रूझमध्ये दोन बंदरं गाळली, परतीचं विमान चुकलं: ट्रॅव्हल पॉलिसीतून काय मिळेल?

सिंहगडरोडकर

नमस्कार. बाबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन पिरियसहून (अथेन्सचं बंदर) ग्रीसची क्रूझ केली. लीड्सहून दादा-वहिनीही आले होते. मायकोनोसच्या दिवशी सकाळी कॅप्टनने सांगितलं की वारा फार आहे, थांबता येणार नाही. पुढे सँटोरिनीलाही तेच झालं. कड्यावरची पांढरी घरं समोर दिसत होती आणि जहाज वळलं. बाबा कितीतरी वेळ कठड्यापाशी उभे होते, फार वाईट वाटलं.

सँटोरिनीला मी कॅटामरानची (दोन तळांची शिडाची बोट) सहल क्रूझ कंपनीकडून न घेता परस्पर बुक केली होती, पूर्ण पैसे आगाऊ. त्यात शेवटच्या दिवशी जहाज पहाटेऐवजी दुपारी पिरियसला लागलं. दोहामार्गे मुंबईचं विमान गेलं. तिघांची नवी तिकिटं आणि एक रात्र हॉटेल, असा भुर्दंड पडला.

क्रूझ कंपनीने दोन बंदरांचा पोर्ट टॅक्स खात्यात जमा केला, बाकी काही नाही. दादाच्या तिकडच्या पॉलिसीत 'मिस्ड पोर्ट' असं कलम आहे, चुकलेल्या प्रत्येक बंदरामागे ठरावीक रक्कम मिळते. आमच्या पुण्यात घेतलेल्या पॉलिसीत तसं काहीच दिसत नाही. हेल्पलाइनवर 'आयटिनररी चेंज (प्रवासाचा ठरलेला मार्ग बदलणं) कव्हर नाही' एवढं सांगून फोन ठेवला. क्लेम टाकावा की नाद सोडावा?

रत्नागिरीचा_दर्यावर्दी

विम्यातलं मला फारसं कळत नाही, पण जहाजावर नोकरी केली आहे म्हणून लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. आभाळ निरभ्र असतं, ऊन कडक असतं, त्यामुळे प्रवाशांना वाटतं की हवा तर छान आहे! सँटोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. कॅल्डेरात, म्हणजे ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात, पाणी इतकं खोल आहे की नांगर टाकणंही कठीण. माणसं टेंडर बोटीत (जहाज ते किनारा ने-आण करणारी छोटी बोट) उतरवून फिरा या मुख्य गावाखालच्या जुन्या बंदरावर नेतात, तिथून वर केबल कार. जहाजाच्या दारातून वरखाली हेलकावणाऱ्या बोटीत पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने पाय टाकायचा, हे डोळ्यांसमोर आणा. कॅप्टनने केलं ते योग्यच केलं.

तुमच्या कामाचं म्हणजे, कोणतं बंदर का गाळलं आणि जहाज किती वाजता लागलं याची जहाजावर नोंद असते. क्रूझ कंपनीला बुकिंग नंबर आणि केबिन नंबर देऊन ईमेल करा, लेखी पत्र मागा.

क्लेमवाल्या_मावशी

मी मुंबईत एका विमा कंपनीत ट्रॅव्हल क्लेमचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं, आता निवृत्त आहे. नाद अजिबात सोडू नका. फक्त 'आयटिनररी बदलली' या नावाने क्लेम टाकू नका, तो पहिल्याच फेरीत परत येईल. हेल्पलाइनच्या मुलीने तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं, पण तुमचं नुकसान एक नाही, तीन आहेत. ती वेगळी करा.

पहिलं, गाळलेली बंदरं. क्रूझच्या तिकिटाच्या करारातच लिहिलेलं असतं की सुरक्षिततेसाठी कॅप्टन मार्ग बदलू शकतो. म्हणजे करार मोडला असं होत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी अशा हिरमोडाचे पैसे देत नाहीत. सहल रद्द होणं किंवा अर्धवट सोडावी लागणं यासाठी कारणांची यादी असते: गंभीर आजार, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, वगैरे. जोराचा वारा म्हणजे आपत्ती नव्हे, आणि तुमची सहल अर्धवट सुटलेलीही नाही. इथे वेळ घालवू नका.

दादांनाही एक सांगा. तिकडच्या बऱ्याच पॉलिसींच्या मिस्ड पोर्ट कलमात एक अपवाद असतो: टेंडर बोटी चालवता आल्या नाहीत म्हणून उतरता आलं नाही, तर पैसे नाहीत. सँटोरिनी नेमकं टेंडरचं बंदर. त्यांनी ते कलम शेवटपर्यंत वाचून मगच फॉर्म भरावा.

दुसरं, कॅटामरान. आधी विम्याकडे न जाता सहलवाल्याला लिहा. क्रूझच्या प्रवाशांवर धंदा असलेले बरेच जण 'जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत' अशी अट स्वतःच ठेवतात. जहाजाचं पत्र जोडा. क्रूझ कंपनीकडून घेतलेली सहल असती तर पैसे आपोआप परत आले असते. पुढच्या वेळी टेंडरच्या बंदराची सहल शक्यतो तिच्याकडूनच घ्या, थोडी महाग पडली तरी.

तिसरं, चुकलेलं विमान. खरा क्लेम हा आहे आणि रक्कमही इथेच मोठी आहे. पॉलिसीच्या सर्टिफिकेटवर भागवू नका, पूर्ण पॉलिसी वर्डिंग काढा, चांगली चाळीस-पन्नास पानं असतात. सुरुवातीला व्याख्या असतात, त्यात 'कॉमन कॅरियर' शोधा. काही कंपन्या तिथे फक्त विमान म्हणतात, काही विमान, रेल्वे आणि जहाज असं लिहितात. जहाज असेल तर 'मिस्ड कनेक्शन'चं (एका वाहनाला उशीर झाल्याने पुढचं चुकणं) पान उघडा. किमान किती तास उशीर हवा, दोन प्रवासांत किती वेळ ठेवलेला हवा आणि डिडक्टिबल (आपण स्वतः सोसायची रक्कम) किती, हे तपासा. जहाज पहाटे यायचं होतं, म्हणजे वेळ पुरेसा ठेवला होता असं दिसतंय. ही तुमची जमेची बाजू.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

सिंहगडरोडकर

मावशी, किती आभार मानू! वर्डिंग उघडलं. कॉमन कॅरियरच्या व्याख्येत 'हवाई, जमीन किंवा जलमार्गाने भाडं घेऊन प्रवासी नेणारं परवानाधारक वाहन' असं आहे. मिस्ड कनेक्शनचं कलमही आहे. कॅटामरानवाल्याच्या अटींतही रिफंडची ओळ सापडली, त्याला लिहिलंय. आता एकच शंका. नवी तिकिटं दादाने त्याच्या कार्डावरून काढली, आमचं कार्ड तिथे चालेना. मग क्लेम आमच्या नावाने होईल का?

क्लेमवाल्या_मावशी

व्याख्या तुमच्या बाजूची आहे, छान झालं. खर्च विमाधारकाने सोसला हे दाखवावं लागेल. तुम्ही दादांना पैसे पाठवले असतील तर तो बँकेचा उतारा आणि दादांचं साधं सहीचं पत्र जोडा. पाठवले नसतील तर आधी पाठवा. तिकिटं तुमच्या तिघांच्या नावाची आहेत, तेव्हा अडचण येऊ नये. सोबत जुनी तिकिटं, नवी तिकिटं, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, हॉटेलचं बिल आणि जुन्या तिकिटाचं विमान कंपनीने काही परत दिलं की नाही याचा कागद ठेवा. हा शेवटचा कागद नसला की फाइल हमखास अडकते. आणि कळवण्याची मुदत पाहा. ती उलटत आली असेल तर जहाजाच्या पत्राची वाट न बघता आजच ईमेलने क्लेम नोंदवा, नंबर घ्या, कागद मागाहून जातील.