अंगणवाडीमागचा तरोटा खायचाच आहे का?

धुऱ्यावरची_सून (वर्धा जिल्हा)
पाऊस लागला की आमच्या घरी तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी होतेच. चणाडाळ, लसूण, वरून कच्चं तेल. आखाडात तरोटा खाल्ला की वर्षभर खाज-खरूज येत नाही, असं सासूबाई म्हणतात. पण अंगणवाडीमागच्या उकिरड्यावरचा कमरेच्या वर गेलाय आणि पान चुरलं की उग्र वास मारतो. शेजारच्या काकू म्हणतात, "रानतरोटा हाय तो. त्याच्याखाली भूत बसते." भुताचं राहू द्या, पोरं तिथंच खेळतात. नवरात्र झाली, आता शेंगा धरल्यात. उपटू का?

जुना_पशुसेवक (यवतमाळ)
ताई, उपटाच. पण आधी ओळख पक्की करा, नाहीतर बिचाऱ्या तरोट्यावर पाळी यायची.

पान मोजा. तरोट्याला पानांच्या तीन जोड्या, टोकाला गोल. तुमचा तो बहुतेक कासविंदा, म्हणजे कासोदा. त्याला चार-पाच जोड्या, पानं टोकदार आणि देठाच्या बुडाशी एक बारीक गाठ. तरोट्याची शेंग लांब, सुतळीसारखी बारीक, वाकलेली. याची चपटी, कडेला फिकट पट्टा, वर तोंड करून उभी. शेंग बघितली की मग चूक होत नाही.

हे झाड मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पण उकिरडा, पडीक, रस्त्याची कड, कुठंही रुजतं. वासामुळे गुरं हिरवं तोंडात धरत नाहीत. चारा संपला, किंवा बिया ढेपेत-दाण्यात मिसळल्या, की घात होतो. जनावराचे स्नायू झिजतात, मागचे पाय लुळे पडतात, लघवी कॉफीसारखी काळपट होते आणि बसलेला बैल उठत नाही. यावर उतारा नाही. अशा वेळी मेडिकलातून सेलेनियम-व्हिटॅमिन ईचं इंजेक्शन आणून परस्पर टोचू नका, त्यानं त्रास वाढतो.

आणि लेकरांचं म्हणाल तर उत्तर प्रदेशात बिजनौर, सहारनपूरकडे दरवर्षी पावसाळा सरता सरता लहान पोरं दगावायची. आधी उलट्या, मग बडबड, झटके, बेशुद्धी. कित्येक वर्षं सगळे मेंदूज्वर समजत होते. डॉक्टरांनी घरोघर विचारपूस केली तेव्हा कळलं, पोरांनी याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू, मेंदू, तिन्हींवर मार. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीतही बालमृत्यूंमागे या झाडाचं नाव आलं. तिथं जपानी मेंदूज्वरही होता, हे खरं.

वऱ्हाडी_तडका
काका, पण आमची आजी तर कासविंद्याच्या बिया भाजून खोकल्याले देत होती. आमी सारे जित्ते हावो न बाप्पा!

जुना_पशुसेवक
भाऊ, देत असेल. आयुर्वेदात याला कासमर्द म्हणतात, खोकल्यावरचंच औषध. आफ्रिकेत बिया भाजून कॉफीसारखं पितात. भाजल्यानं विष बरंच उतरतं आणि आजी चिमूटभर देत असेल. चार वर्षांचं पोरगं मटार समजून मूठभर हिरव्या बिया खातं, त्याचं वजन ते किती! म्हणून माझ्या मते घरगुती औषधातूनही हे बाद करावं. भुताची गोष्ट मात्र मोडू नका. शेंगांपासून पोरं लांब राहत असतील तर भूत तिथंच बरं.

धुऱ्यावरची_सून
मोजली. पाच जोड्या. शेंगाही चपट्याच. सेविकाताईंना फोटो दाखवला, उद्या आम्ही बायाच उपटतो. बकऱ्यांपुढे टाकलं तर चालेल?

जुना_पशुसेवक
अजिबात नाही, आणि शेणखताच्या खड्ड्यातही नको. बियांचं कवच टणक असतं, खताबरोबर शेतभर पसरतील. शेंगा गोणीत भरून वाळवा आणि जाळा. गोणी पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. पुढच्या पावसात तिथं परत उगवेल, फूल यायच्या आत काढा. कोण्या पोरानं आधीच खाल्लं असेल आणि उलट्या सुरू झाल्या, तर झाडाची फांदी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.